गच्चीवर सोलर, तरी लाईट गेल्यावर घरात अंधार का?

सोलर बसवलं, बिल कमी झालं. पण बाहेरची वीज जाताच भर उन्हातही पंखा बंद! हा बिघाड नाही.

असं का होतं?
ग्रिडला जोडलेल्या सोलरचा इन्व्हर्टर वीज गेली की आपोआप बंद होतो. तो सुरू राहिला, तर गच्चीवरची वीज बाहेरच्या तारांत उतरून दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला शॉक बसू शकतो.

उपाय काय?
हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी. पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी कमाल ७८ हजार रुपये अनुदान आहे. बॅटरीचा खर्च मात्र आपलाच. फक्त पंखे, दिवे, वायफायपुरती बॅटरी घेतली तर तो कमी राहतो.

कोटेशन पक्कं करण्याआधी एकच विचारा : ‘लाईट गेल्यावर काय काय चालेल?’