वर्गातील शिस्त आणि मास्तरांचा मोबाइल



पंतोजींच्या छडीच्या कथा आपण वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकल्या आहेत. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने मुलास मारण्याची, तसेच त्याचा मानसिक छळ करण्याचीही मनाई केली. हे योग्यच झाले. परंतु चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग आवरावा कसा, हा प्रश्न बिचाऱ्या मास्तरांपाशी तसाच उरला. त्यावर मोबाइलमधून एक उपाय पुढे आला आहे. त्याचा आज थोडा विचार करू.

अमेरिकेत 2011 साली ‘क्लासडोजो’ नावाचे अ‍ॅप निघाले. डोजो म्हणजे जपानी आखाडा. शिक्षकाच्या पडद्यावर प्रत्येक मुलाचे नाव व एक चित्र असते. मुलाने शेजाऱ्यास साहाय्य केले, की नावावर बोट टेकवून एक गुण द्यावयाचा. गडबड केली, की एक वजा करावयाचा. ही नोंद पालकांस घरबसल्या पाहता येते. छडी नाही, आरडाओरडा नाही. प्रथमदर्शनी कोणासही आवडावी अशीच ही योजना आहे.

कल्पना मात्र जुनी. 1969 साली अमेरिकेतील तिघा संशोधकांनी एका वर्गाचे दोन गट पाडले आणि नियम मोडला, की त्या गटाच्या नावे फळ्यावर खडूची रेघ ओढली. गडबड पुष्कळच कमी झाली. पण ती रेघ एकट्या मुलाच्या नावे नव्हती, आणि फळा पुसला की तीही जात असे. अ‍ॅपमधील खूण मुलाच्या नावे राहते व घरापर्यंत पोचते. बक्षिसाचेही तसेच. 1973 च्या एका प्रयोगात, चित्रे काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितलेली बालवाडीतील मुले पुढे आपण होऊन चित्रे कमी काढू लागली!

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. 2024 पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले. जिभेला अजून ‘नगर’च सोयीचे. समजा, सावेडीतील एका आईस कचेरीत सकाळी अकरा वाजता मुलाचा वजा गुण दिसला. म्हणजे आरोप घरी आधी पोचला, आरोपी मागून यावयाचा! त्याची बाजू ऐकण्यापूर्वीच निकाल तयार.

पाथर्डी तालुक्यात याहून कठीण. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. काही मुले आजीपाशी राहतात. असा एखादा मुलगा पहाटे पाणी भरून शाळेत येतो व वर्गात पेंगतो. पडद्यावर ‘लक्ष नाही’ एवढेच उमटते. घरातला एकुलता फोन बापाबरोबर गेलेला. ती खूण त्याला दूरच्या फडात, कोपीत दिसणार. त्याने तेथून काय करावे?

मला वाटते, गटाच्या नावे गुण ठेवण्यास हरकत नाही. वजा खूण मात्र घरी धाडू नये; शिक्षकाने आधी मुलास जवळ घेऊन विचारावे. टीका झाल्यावर 2014 साली त्या कंपनीनेही गुणांची नोंद वर्षानंतर पुसण्याचे जाहीर केले होते. आठ वर्षांच्या मुलास वर्ष म्हणजे आयुष्याचा आठवा हिस्सा. आपल्या शाळेत असे अ‍ॅप येणार असेल, तर पालकसभेत पहिला प्रश्न हाच विचारावा: ही पाटी पुसावयाची केव्हा आणि कोणी?