चित्रपटगृहांची सावड

आज आपल्याला एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा विचार करायचा आहे. एकाच धंद्यात असलेल्या, एकाच प्रेक्षकावर डोळा ठेवून बसलेल्या लोकांनी एकमेकांना मदत का करावी? उदाहरण घेऊ या स्वतंत्र चित्रपटगृहांचं. स्वतंत्र म्हणजे मोठ्या साखळीच्या मालकीची नसलेली. एक पडदा, फार तर दोन-तीन, आणि कोणता चित्रपट लावायचा हे तिथंच बसून ठरवणारा माणूस.

सुरुवात तत्त्वज्ञानापासून करतो, जुनी खोड आहे. डेव्हिड ह्यूमच्या ‘ट्रीटाइज’चा तिसरा खंड १७४० साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन शेतकरी येतात. एकाचं पीक आज तयार आहे, दुसऱ्याचं उद्या होणार. आज याने त्याला हात द्यावा, उद्या त्याने याला, यात दोघांचंही भलं आहे. पण उद्या तो येईल याची खात्री याला नाही. म्हणून कोणीच कोणाकडे जात नाही आणि दोघांचंही पीक हातचं जातं.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वाचून हसू येईल. त्याच्याकडे सावड आहे. आज तुझ्या रानात, परवा माझ्या. सावड टिकते ती लोक फार उदार असतात म्हणून नव्हे. ती टिकते तीन गोष्टींमुळे. पाळी ठरलेली असते. हिशेब सगळ्यांना माहीत असतो. आणि पुढच्या वर्षी पुन्हा एकमेकांचं तोंड बघायचं असतं. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, कारण चित्रपटगृहांची सावडही त्यांवरच चालते.

पहिली गोष्ट, पाळी. आता फ्रान्समध्ये जाऊ. चित्रपट फिल्मवर असायचा तेव्हा त्याची प्रत महाग पडे. दोन तासांच्या चित्रपटाची सहा-सात रिळं, पत्र्याच्या जड पेट्या. वितरक मोजक्या प्रती काढी आणि त्या मोठ्या शहरांत लावी. लहान गावच्या टॉकीजला प्रत मिळेपर्यंत चित्रपटाची चर्चा विरून गेलेली असे. १९८३ साली तिथं एक संस्था निघाली, प्रादेशिक चित्रपट विकासासाठी. तिचं एक मुख्य काम म्हणजे जास्तीच्या प्रती उपलब्ध करून त्या लहान गावांतून फिरवणं. या आठवड्यात या गावी, पुढच्या आठवड्यात त्या गावी. एकट्या टॉकीजला स्वतःसाठी प्रत परवडली नसती. दहा जणींत मिळून परवडली.

दुसरी गोष्ट, हिशेब. फ्रान्समध्ये १९४६ साली सीएनसी हे राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन झालं. १९४८ पासून तिथं प्रत्येक तिकिटावर एक खास कर आहे. आज तो तिकिटाच्या सुमारे पावणेअकरा टक्के आहे. चित्रपट फ्रेंच असो की अमेरिकन, कर द्यावाच लागतो. हा पैसा सरकारच्या मोठ्या तिजोरीत मिसळून जात नाही, चित्रपटव्यवसायातच परत येतो. चित्रपटगृहाच्या नावावर त्याचा वाटा जमा होतो; पडदा, खुर्च्या, यंत्रं सुधारण्यासाठी तो काढता येतो. भरलेल्या कराच्या प्रमाणात पाहिलं तर लहानांना मोठ्यांपेक्षा अधिक परत मिळतं. शिवाय जे चित्रपटगृह वेगळे, अवघड चित्रपट नेमाने लावतं, त्याला ‘आर्ट ए एसे’ असा दर्जा आणि त्यासाठीचं अनुदान मिळतं. अशा चित्रपटगृहांनी १९५५ सालीच आपला संघ बांधला होता. आज फ्रान्समध्ये सुमारे दोन हजार चित्रपटगृहं आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी हा दर्जा आहे.

इथं कोणी म्हणेल, हे तर अनुदानावर जगणं झालं. आपण नीट बघू या. हॉलिवुडचा चित्रपट बघणारा प्रेक्षक आपल्या तिकिटातून गावातल्या छोट्या पडद्याचीही थोडी सोय करतो. याला भीक म्हणत नाहीत. बाजारात उभं राहणाऱ्या प्रत्येकाने बाजाराच्या डागडुजीसाठी दिलेली ती पट्टी आहे.

हिशेब बिघडला की काय होतं तेही बघा. २००० साली फ्रान्समधल्या एका मोठ्या साखळीने ठराविक मासिक रकमेत हवे तितके चित्रपट बघण्याचं कार्ड काढलं. प्रेक्षक खूश. पण महिन्याचे पैसे एकदा तिथं भरल्यावर शेजारच्या छोट्या थिएटरात वेगळं तिकीट कोण काढणार? स्वतंत्र चित्रपटगृहांनी एकमुखाने आवाज उठवला. २००१ साली कायदा झाला, आणि मोठ्या साखळ्यांनी स्वतंत्र चित्रपटगृहांना योग्य अटींवर अशा योजनेत सामील करून घ्यावं असं ठरलं. एकेकट्याची तक्रार कोणी ऐकली नसती.

ॲम्स्टरडॅमच्या लोकांनी तर कार्ड स्वतःच काढलं. २००९ साली तिथल्या स्वतंत्र चित्रपटगृहांनी ‘सिनेविल’ नावाची एकच वर्गणी सुरू केली. एक कार्ड, सगळी दारं उघडी. सभासद ज्या दारातून आत जाईल त्या चित्रपटगृहाला त्या भेटीचे पैसे मिळतात. आता गंमत पाहा. प्रेक्षकाची भीड चेपते. पैसे आधीच भरलेत, तर न ऐकलेल्या दिग्दर्शकाचा चित्रपट बघायला काय हरकत आहे, असं तो म्हणतो. म्हणजे हिशेबाची सोय शेवटी अभिरुचीची सोय झाली.

तिसरी गोष्ट, पुढचं वर्ष. पुढच्या वर्षाचा प्रेक्षक कुठून येणार? १९८९ पासून फ्रान्समध्ये माध्यमिक शाळांसाठी आणि १९९४ पासून प्राथमिक शाळांसाठी योजना आहेत. शाळेच्या वेळात मुलं गावातल्या चित्रपटगृहात जातात, वर्षभरात निवडक चित्रपट मोठ्या पडद्यावर बघतात, मग वर्गात त्यावर बोलतात. हे पेरणं आहे. पेरलेलं कोणाच्या वाट्याला येईल हे एका टॉकीजवाल्याला सांगता येत नाही, म्हणून एकटा कोणी पेरत नाही. सगळ्यांनी मिळून पेरलं तर पीक गावातच राहतं.

आपल्याकडे ही सावड नव्हती असं नाही. ती चित्रपटगृहांनी नव्हे, फिल्म सोसायट्यांनी केली. १९५९ साली फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाची स्थापना झाली. सत्यजित राय अध्यक्ष, आणि चिदानंद दासगुप्ता यांच्याबरोबर संयुक्त सचिव होत्या मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे. वकिलातींकडून, पुढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून आलेली एकच प्रत रेल्वेने गावोगाव फिरे. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं ते याच वातावरणात.

आम्हीही एका गावात असं मंडळ चालवत होतो. गावात दुसरंही मंडळ होतं. दोघांनाही रविवारची सकाळच हवी असे, आणि आलेली प्रत दुसऱ्याला कळू न देता पुढच्या गावी रवाना करण्यात आम्हाला शहाणपण वाटे. दोघांचेही सभासद निम्मे निम्मे होत गेले. आधी त्यांचं मंडळ बंद पडलं. आम्हाला वाटलं, आता सगळे आमच्याकडे येतील. आले नाहीत. ज्यांच्याशी वाद घालायचा ते लोकच उरले नव्हते, तर बघायला तरी कशाला यायचं? दोन वर्षांत आम्हीही कुलूप लावलं. ह्यूमचे ते दोन शेतकरी आम्हीच होतो.

आज रिळांची पेटी राहिलेली नाही. मग टंचाई कशाची आहे? चांगल्या वेळेच्या खेळाची आणि दुसऱ्या आठवड्याची. लहान चित्रपटाची वार्ता तोंडोतोंडी पसरेपर्यंत तो उतरलेला असतो. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपटासाठी प्राइम टाइमचा खेळ देण्याचं बंधन जाहीर केलं. हेतू चांगला होता. पण आदेशाने खेळ मिळतो, खुर्चीतला माणूस मिळत नाही. एका जिल्ह्यातल्या पाच-सहा टॉकीजनी मिळून एखादा चित्रपट ठरवला, एकीकडून उतरला की दुसरीकडे चढवला, शनिवारी सकाळी शाळांना बोलावलं, तर त्याला सहा आठवड्यांचं आयुष्य मिळेल. यासाठी कोणाच्या परवानगीपेक्षा एकमेकांवरचा विश्वास जास्त लागतो.

स्थानिक चित्रपटसंस्कृती म्हणजे फक्त आपल्या भाषेतले चित्रपट नव्हेत. आपल्या गावात, आपल्या माणसांबरोबर अंधारात बसून जगभरचं काही बघणं आणि बाहेर पडल्यावर चहाच्या टपरीवर त्यावरून भांडणं, हेसुद्धा स्थानिकच आहे. ते एका टॉकीजच्या आवाक्यातलं काम नाही.

इथं थांबू या. तुमच्या गावात एखादी टॉकीज अजून चालू असेल तर तिच्याबद्दल ऐकायला आम्हाला आवडेल.