शाळेच्या बागेत कोणते फुलझुडूप लावाल?

मृगाचा पाऊस पडून गेला की शाळाशाळांतून बाग फुलवण्याचे बेत सुरू होतात. रोपवाटिकेत जायचे, जे फूल डोळ्यांत भरेल ते घ्यायचे आणि खड्डा करून लावायचे, ही आपली नेहमीची रीत. परंतु झुडपाची निवड ही केवळ आवडीची बाब नाही. ते झुडूप आपल्या हवेत व मातीत जगेल का, ते कोणाच्या उपयोगी पडेल आणि बागेबाहेर पसरून कोणाला उपद्रव तर देणार नाही ना, हेही पाहावे लागते. यांतील शेवटचा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे भंडारा जिल्ह्याच्या उदाहरणावरून चांगले समजते.

हवा आणि माती

भंडारा जिल्ह्यात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. मे महिन्यात पारा ४२-४३ अंश सेल्सियसवर जातो व काही दिवशी ४५ अंशांच्याही पुढे. म्हणजे येथील झुडपाला दोन परस्परविरुद्ध परीक्षा द्याव्या लागतात. पावसाळ्यात मुळाशी पाणी साचते, तर उन्हाळ्यात माती भेगाळते.

मातीही सगळीकडे एकसारखी नाही. नदीकाठची काळी कन्हार, धानाच्या बांधीतली सिहार आणि उंचवट्यावरची मुरमाड बरडी अशी तिची निरनिराळी नावे शेतकरी सांगतात. आपल्या शाळेची माती कशी आहे हे एका सोप्या प्रयोगाने कळते. फूटभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरा. पाणी जिरल्यावर पुन्हा भरा. हे दुसरे पाणी चार-पाच तासांत जिरले, तर निचरा चांगला आहे. दुसऱ्या दिवशीही ते उभे असेल, तर वाफे उंच करावे लागतील. नाहीतर मुळांना हवा न मिळाल्याने ती कुजतील.

उन्हाळा सोसण्याची युक्ती प्रत्येक वनस्पतीची वेगळी असते. कण्हेरीचे पान जाड व चिवट असते. त्याची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूस बारीक खळग्यांत दडलेली असतात आणि त्या खळग्यांत केसांसारखे तंतू असतात. त्यामुळे कोरडा वारा रंध्रांना थेट भिडत नाही व पाण्याची वाफ कमी होते. बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिला पाणी थोडे कमी पडले की ती उलट अधिक बहरते. तिचे रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत. ती फुलांभोवतीची पाने आहेत. खरी फुले त्यांच्या आत, लहान व फिकट असतात.

कुंपणाचे झुडूप तलावात

आता त्या महत्त्वाच्या प्रश्नाकडे वळू. भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथील कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून धानशेतीसाठी शेकडो तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. पण 'माजी मालगुजारी', म्हणजेच 'मामा' तलाव हे नाव आजही चालू आहे.

यांतील अनेक तलावांच्या काठी फिकट जांभळ्या-गुलाबी, कर्ण्याच्या आकाराच्या फुलांची दाट झुडपे दिसतात. हीच बेशरम. रताळ्याच्या कुळातली ही वनस्पती मूळची उष्ण अमेरिकेतली. तिचे फूल सुंदर, ती भराभर वाढते आणि गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून शोभेसाठी व कुंपणासाठी लोकांनी ती लावली.

परंतु जे गुण कुंपणाला उपयोगी, तेच तलावाला घातक ठरले. तिची तुटलेली फांदी पाण्याबरोबर वाहत जाऊन चिखलात अडकली की तिला मुळे फुटतात आणि नवे झुडूप तयार होते. ती कोरड्या जागीही जगते व उभ्या पाण्यातही. तिच्या पानांत विषारी द्रव्ये असतात. शेळ्यांनी ती दीर्घकाळ खाल्ली तर त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. खाणारा कोणी नाही आणि वाढीला अडसर नाही, मग ती थांबणार कशी?

तलावाचा उथळ काठ हा त्याचा सर्वांत सजीव भाग असतो. तेथे देवधान व इतर पाणवनस्पती वाढतात, मासे अंडी घालतात, पाणपक्षी अन्न शोधतात. बेशरमाने तो काठ व्यापला की या सर्वांची जागा जाते आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांच्या जाळ्यात मासे कमी येतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि भंडारा-गोंदिया भागातील मासेमार स्त्री-पुरुष यांनी मिळून काही तलावांतील बेशरम मुळासकट उपटली आणि तेथे स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. एक फांदी रोवायला क्षण पुरतो. ती काढायला मात्र अख्खा गाव लागतो.

हे उदाहरण एकटे नाही. आपल्याकडे रायमुनिया किंवा घाणेरी म्हणतात ते रंगीबेरंगी गुच्छांचे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आले. त्याची काळी फळे बुलबुलासारख्या पक्ष्यांनी खाल्ली, बिया दूरवर टाकल्या आणि आज ते देशातल्या असंख्य जंगलांत माजले आहे. जलपर्णीही तिच्या जांभळ्या फुलांसाठीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आली.

याचा अर्थ परदेशी झाड वाईटच, असा नव्हे. बोगनवेल आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. पण आपल्या बागांतून तिचे बी सहसा धरत नाही, म्हणून ती कुंपण सोडून जात नाही. प्रश्न झाड कोठून आले हा नसून ते कसे पसरते हा आहे.

मग लावायचे काय?

कुंपणासाठी अडुळसा आणि निर्गुडी ही उत्तम झुडपे होत. दोन्ही फांदीपासून लागतात आणि दोघांच्याही कडवट, उग्र पानांना गुरे-शेळ्या टाळतात. म्हणजे बेशरमाचा गुण यांच्यात आहे, पण तलाव व्यापण्याचा दुर्गुण नाही. शिवाय अडुळसा खोकल्यावरचे जुने औषध आहे.

मुरमाड, कोरड्या जागी धायटी लावावी. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या फांद्या लालभडक फुलांनी भरून जातात व मधासाठी शिंजीर पक्षी येतात. हीच फुले आयुर्वेदातील आसवे आंबवण्यासाठी वापरतात. भिंतीच्या कडेला काटेरी कोरांटी शोभते. पारिजातक रात्री फुलतो. काळोखात पतंगांना दिसावे म्हणून फूल पांढरे आणि जागा कळावी म्हणून सुगंध दूरवर जाणारा. मोगऱ्याला भरपूर ऊन द्यावे, म्हणजे तो ऐन उन्हाळ्यात बहरतो.

जास्वंद घेताना एकेरी पाकळ्यांची घ्यावी. गेंदेदार फुलांत बहुतेक पुंकेसरांचे पाकळ्यांत रूपांतर झालेले असते, म्हणून कीटकांना त्यांत परागकण फारसे मिळत नाहीत. कण्हेर व बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, यांचे सर्व भाग विषारी आहेत. हृदयाच्या ठोक्यांवर त्यांचा परिणाम होतो. लहान मुले खेळतात तेथे ही दोन्ही नकोत.

खड्डे उन्हाळ्यातच, दीड फूट लांब, रुंद व खोल, करून ठेवावेत. ते उन्हात तापू द्यावेत, नंतर माती व शेणखत मिसळून भरावेत आणि चांगला पाऊस झाल्यावर रोपे लावावीत.

चार प्रश्न

रोपवाटिकेत जाण्यापूर्वी वहीत चार प्रश्न लिहा. हे झुडूप आपल्या मे महिन्यात आणि आपल्या ऑगस्ट महिन्यात जगेल का? त्याच्या फुलाफळांवर कोण येईल? ते फांदीने, वाऱ्याने, पाण्याने की पक्ष्यांमार्फत पसरते? आणि आपल्या बागेतले पाणी वाहत कोठे जाते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी पावसाळ्यात एकदा शाळेच्या नालीबरोबर चालत जा. भंडारा जिल्ह्यात ती बहुधा एखाद्या बोडीला किंवा तलावाला मिळते आणि तेथून पाणी पुढे वैनगंगेकडे जाते. आपली बाग कुंपणापाशी संपत नाही, हे त्या वाटेवर प्रत्यक्ष दिसेल.