वाचनालयाचे दार कुणासाठी उघडे असते?

तालुक्याच्या गावी एसटी स्थानकावर उतरून वाचनालयाचा पत्ता विचारला, तर तो बहुधा चटकन सांगितला जातो. जुन्या पेठेत, ग्रामदैवताच्या देवळाजवळ किंवा नगरपालिकेच्या शेजारी ही वास्तू असते. तळमजल्यावर भाड्याने दिलेले दोन-चार गाळे, बाजूने वर जाणारा अरुंद जिना, भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी आणि आत लांबट टेबलावर पसरलेली वर्तमानपत्रे! कोकणापासून विदर्भापर्यंत हे चित्र फारसे बदलत नाही. तरीही या सारख्याच दिसणाऱ्या वास्तूंपैकी एखादीत परगावच्या माणसाला तासभर बसावेसे वाटते, तर एखादीतून पाच मिनिटांतच काढता पाय घ्यावासा वाटतो. असे का व्हावे?

पुस्तकांची संख्या किंवा इमारतीची भव्यता यांत या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. लाखभर ग्रंथ असलेले वाचनालयही परके वाटू शकते आणि दोन खोल्यांचे वाचनालय आपलेसे वाटू शकते. आत येणाऱ्याला किती गोष्टी कुणाची परवानगी न घेता करता येतात, यावर वाचनालयाचे आतिथ्य ठरते. आत येणे, बसणे, पुस्तक हातात घेणे आणि काही विचारणे या त्या चार गोष्टी. आपल्या वाचनालयांत त्या कधी सुलभ, तर कधी अवघड का झाल्या, हे समजण्यासाठी या संस्थांची घडण पाहावी लागते.

वर्गणीदारांची संस्था

महाराष्ट्रातील नगर वाचनालयांची परंपरा पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. रत्नागिरीचे वाचनालय आपला इतिहास १८२८ पासून सांगते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, तर लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले पुण्याचे वाचनालय १८४८ चे. 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' अशा नावाने त्या काळी गावोगावी ज्या संस्था निघाल्या, त्या सरकारी अधिकारी, वकील, शिक्षक आणि सरदार-इनामदार यांच्या वर्गण्यांवर चालत. संग्रहात इंग्रजी पुस्तकांचा भरणा असे. ज्याला वर्गणी परवडते आणि ज्याच्यापर्यंत शिक्षण पोहोचले आहे, त्याच्यासाठीच ते दार खऱ्या अर्थाने उघडे होते. बहुसंख्य समाज या दोन्ही अटींत बसत नव्हता.

हे दार टप्प्याटप्प्याने रुंदावत गेले. केवळ मराठी ग्रंथांचा संग्रह करण्याच्या हेतूने ठाण्यात १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. इंग्रजी न येणाऱ्या वाचकालाही ग्रंथालयात मानाचे स्थान आहे, हे त्यातून मान्य झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तर त्यापुढे मजल मारली. १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून त्यांनी आपल्या संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. पेट्यांत भरलेली पुस्तके खेड्यापाड्यांत पाठविणारी फिरती ग्रंथालये हा त्यातील सर्वांत लक्षणीय भाग होता. वाचकाने ग्रंथालयाकडे यावे, ही अपेक्षा सोडून ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, हा विचार त्यामागे होता. पुढे कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांसाठी कायदा केला. भारतातील अशा प्रकारचा तो पहिलाच कायदा मानला जातो.

कायदा आणि त्याची मर्यादा

आजची व्यवस्था महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ या कायद्यावर उभी आहे. १ मे १९६८ पासून तो अमलात आला. तामिळनाडू आणि कर्नाटक या राज्यांनी मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर आकारून शासकीय ग्रंथालयांचे जाळे उभारण्याचा मार्ग निवडला. महाराष्ट्राने उपकर लावला नाही. गावातील नागरिकांनी नोंदणीकृत संस्था काढावी, कार्यकारी मंडळ निवडावे, वाचनालय चालवावे आणि शासनाने त्याला मान्यता व अनुदान द्यावे, अशी येथील पद्धत आहे. ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिके, कामाचे तास आदी निकषांवर अ, ब, क आणि ड असे वर्ग ठरतात. अशा शासनमान्य ग्रंथालयांची संख्या काही हजारांत आहे. शासकीय जिल्हा ग्रंथालये यांहून वेगळी.

या पद्धतीचा गुण असा, की वाचनालय हे 'सरकारी कार्यालय' न राहता गावाचे राहते. देणगी देणारा, पुस्तके निवडणारा आणि ती वाचणारा ही एकाच गावातील माणसे असतात. वसंत व्याख्यानमाला, दिवाळी अंकांचे प्रदर्शन, शालेय मुलांच्या वक्तृत्व स्पर्धा हे सारे या आपलेपणातूनच घडते. मात्र याच गुणाची दुसरी बाजू अशी, की संस्था काही मोजक्या घराण्यांची किंवा एकाच पेठेची होऊन बसते. पिढ्यान् पिढ्या तेच सभासद, तेच पदाधिकारी आणि टेबलाभोवती ठरलेल्या खुर्च्यांवर बसणारी तीच मंडळी! अशा ठिकाणी नव्या माणसाला कुणी हटकत नाही, पण 'या, बसा' असेही कुणी म्हणत नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीतील मुलाला तेवढे मौनही परत पाठविण्यास पुरेसे ठरते.

मुक्तद्वार

मराठी ग्रंथालयांच्या परिभाषेत यावर उपाय म्हणावा असा एक सुंदर शब्द आहे : 'मुक्तद्वार'. सभासद नसलेल्या कोणालाही येऊन वर्तमानपत्रे आणि नियतकालिके विनामूल्य वाचता यावीत, यासाठी राखलेला कक्ष म्हणजे मुक्तद्वार वाचनकक्ष. घरी पुस्तक न्यायचे तर अनामत आणि वर्गणी भरावी लागते. बसून वाचायचे तर काहीच लागत नाही. बाजाराला आलेला शेतकरी, एसटीची वाट पाहणारा प्रवासी, निवृत्त शिक्षक आणि नोकरीच्या जाहिराती टिपून घेणारा तरुण यांना एका टेबलावर आणणारी अशी दुसरी जागा लहान गावात क्वचितच सापडते.

परंतु मुक्तद्वार आहे, हे बाहेरच्याला कळणार कसे? कित्येक वाचनालयांच्या दर्शनी भागावर स्थापनेचे वर्ष आणि उद्घाटकाचे नाव ठळक असते. उघडण्याची वेळ मात्र कुठेच नसते. बहुतेक वाचनालये सकाळी आणि सायंकाळी काही तास उघडी राहतात, दुपारी बंद असतात. ज्याला हे ठाऊक नाही, तो भर दुपारी कुलूप पाहून परततो आणि पुन्हा फिरकत नाही. 'सभासद नसलेल्यांनाही प्रवेश; शुल्क नाही' एवढी एक ओळ वेळापत्रकासह दारावर लिहिली, तर तिचे मोल नव्या कपाटाहून अधिक ठरते.

महिलांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे. वर्तमानपत्रांचे टेबल कुणी नियम न करताही पुरुषांचेच झालेले असते. अनेक ठिकाणी महिला देवघेवीच्या खिडकीपर्यंत येतात, पुस्तक बदलतात आणि उभ्या उभ्याच परत जातात. महिलांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग काढणाऱ्या वाचनालयांनी ही कोंडी काही अंशी फोडली आहे. सतरंजीवर बसून चित्रांचे पुस्तक पाहणारे मूल जिथे असते, तिथे त्याच्याबरोबर आलेली आईही बसते.

कपाटाची किल्ली

आतिथ्याची खरी परीक्षा होते ती कपाटापाशी. ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपली पंचसूत्रे मांडली. ग्रंथ हे वापरासाठी असतात, हे त्यांतील पहिले सूत्र. सूत्र साधे दिसले, तरी काचेच्या कुलूपबंद कपाटांना ते थेट आव्हान देते. वाचकाला कोणते पुस्तक हवे, हे पुष्कळदा त्यालाही आधी ठाऊक नसते. एक शोधताना शेजारचे दुसरे हाती लागणे, हा तर वाचनाचा मोठाच आनंद! तालिकेत नाव शोधून चिठ्ठी देण्याच्या पद्धतीत त्या आनंदाला जागा राहत नाही.

तथापि, कुलूप लावणाऱ्यास केवळ दोष देऊन भागणार नाही. दाखल नोंदवहीत चढलेले प्रत्येक पुस्तक ही संस्थेची मालमत्ता असते. ग्रंथमोजणीत ते कमी भरले, तर जाब ग्रंथपालाला द्यावा लागतो. पुस्तक न वाचले गेल्याबद्दल त्याला कुणी विचारत नाही. हरवल्याबद्दल मात्र विचारतात. साहजिकच तो किल्ली जपतो. यातून काही वाचनालयांनी मध्यममार्ग काढला आहे. दुर्मीळ ग्रंथ कुलपात ठेवायचे. मात्र नवी खरेदी, बालवाङ्मय आणि नुकतीच परत आलेली पुस्तके खुल्या मांडणीवर ठेवायची. नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांभोवती होणारी गर्दी हीच गावाच्या आवडीची सर्वांत खरी नोंद असते.

खुल्या मांडणीचा एक धाडसी प्रयोग सातारा जिल्ह्यातील भिलार येथे पाहावयास मिळतो. पाचगणीजवळचे हे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' म्हणून खुले झाले. प्रारंभी पंचवीस ठिकाणी, मुख्यतः ग्रामस्थांच्या घरांत, विषयवार पुस्तके मांडण्यात आली. पाहुण्याने ओसरीवर यावे, पुस्तक घ्यावे, वाचावे आणि जागेवर ठेवावे, अशी ती रचना आहे. प्रत्येक गावाला भिलार होता येणार नाही, हे खरे. पण अनोळखी वाचकाच्या हाती पुस्तक देण्याचा विश्वास गाव दाखवू शकते, हे तेथे सिद्ध झाले.

टेबलापलीकडचा माणूस

मुक्तद्वार असले आणि कपाटे उघडी असली, तरी शेवटी सारे येऊन ठेपते ते ग्रंथपालावर. 'काय पाहिजे?' आणि 'काय वाचायला आवडते?' या दोन प्रश्नांत मोठे अंतर आहे. पहिल्या प्रश्नाने व्यवहार होतो. दुसऱ्याने वाचक जोडला जातो. चांगला ग्रंथपाल कोणत्या आजोबांना कोणते चरित्र हवे, कोणत्या मुलीने रहस्यकथांचा कप्पा संपवला आहे, हे नोंदवही न उघडता सांगतो.

या माणसाला समाज काय देतो? २०२२ मध्ये शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली. त्या वाढीनंतर ड वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपये झाले. त्यातील निम्मी रक्कम वेतनाची धरली, तर महिन्याला दोन हजार रुपये होतात. उरलेल्या निम्म्यात पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज आणि बांधणी भागवायची! एवढ्या मानधनावर काम करणारा माणूस सकाळी दुसरीकडे राबतो आणि सायंकाळी वाचनालय उघडतो. दार दिवसातून मोजकेच तास उघडे राहण्यामागे अनास्थेपेक्षा हे गणित अधिक आहे. वाचनालयाचे आतिथ्य आज एका व्यक्तीच्या भल्या स्वभावावर टिकून आहे. ती व्यक्ती थकली, की तेही थकते.

संकटात दिसलेली नाती

तरीही या संस्था तगून आहेत, याचे कारण गावाशी जडलेले त्यांचे नाते. चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे १८६४ चे. जानेवारी २०१३ मधील ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविण्याची जबाबदारी याच वाचनालयाने पेलली. वाशिष्ठीच्या काठी वसलेल्या या शहराला २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ रोजी महापुराने वेढले. २०२१ च्या पुरात वाचनालयात पाणी शिरून ग्रंथसंपदेची मोठी हानी झाली. ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयावरही हीच वेळ आली होती. अशा प्रसंगानंतर वाचनालय पुन्हा उभे राहते ते केवळ शासकीय मदतीवर नव्हे. ज्यांनी तेथे बसून कधीकाळी वाचलेले असते, त्यांची आठवण मदतीला येते. ज्या वाचनालयाने आपली माणसे जोडलेली नसतील, त्याच्यासाठी असे कोण धावणार?

पाहुण्याने जाताना

परगावच्या वाचनालयात जाऊ इच्छिणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सकाळची किंवा सायंकाळची वेळ निवडावी आणि साप्ताहिक सुटीची आधी चौकशी करावी. अभिप्राय वही असल्यास तीत नोंद करावी. कार्यकारी मंडळापुढे ठेवण्यासाठी ग्रंथपालाला असा लेखी पुरावा उपयोगी पडतो. जिल्ह्याचा इतिहास, संस्थेचे शताब्दी अंक, स्थानिक लेखकांची पुस्तके आणि जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड अवश्य विचारावेत. मोठ्या शहरांतही न मिळणारे साहित्य अशा कपाटांत सापडते. जीर्ण ग्रंथांची छायाचित्रे मात्र विचारल्याखेरीज घेऊ नयेत. पुस्तके भेट द्यायची असतील, तर काय हवे ते आधी विचारावे. कालबाह्य पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे आणून टाकणाऱ्या दात्यांमुळे वाचनालयांची जागाच अडते. त्यापेक्षा पावती घेऊन दिलेले शंभर रुपये अधिक उपयोगी.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमुळे आज अनेक वाचनालयांत तरुणांची गर्दी आहे. स्वतःची पुस्तके घेऊन येणारी ही मुले वाचनालयाच्या कपाटांकडे वळत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. पण ती रोज दारातून आत येतात, हे काय थोडे आहे? अभ्यासिकेतून बाहेर पडण्याच्या वाटेवर खुल्या मांडणीचे एक कपाट ठेवले आणि परीक्षा संपल्यावर त्यांना कुणी 'आता काय वाचणार?' असे आपुलकीने विचारले, तर त्यांतील काहीजण तरी कायमचे वाचक होतील. वेळेची पाटी, एक उघडे कपाट आणि असा एक प्रश्न, यांपैकी कशासाठीही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. कार्यकारी मंडळाच्या पुढच्या सभेत ठरविले, तरी पुरे. त्या दारात रोज बसणाऱ्या माणसाला पुरेसे वेतन मिळणे, ही गोष्ट मात्र शासनाला आणि समाजाला मिळूनच ठरवावी लागेल.