पेशव्यांच्या जागेवरचं चर्च

जुन्या वास्तूंच्या वाटेने : भाग बारावा

देऊळगाव राजातल्या जवळजवळ प्रत्येक आळीतलं कुणी ना कुणी आज पुण्यात आहे. कुणी शिकायला, कुणी नोकरीला, कुणी मुलाकडे चार महिने राहायला. पुण्याला गेलं की आपण शनिवारवाडा पाहतो, दगडूशेठला जातो, पर्वती चढतो, सिंहगडावर पिठलं-भाकरी खातो. चर्चच्या फाटकातून आत शिरावं असं मात्र सहसा कुणाच्या मनात येत नाही. तिथं आपलं काय काम, असंच वाटतं. आजच्या भागात मला एवढंच पटवून द्यायचं आहे की तिथं आपलं काम आहे. पेशवाईचा, टिळक-रानड्यांचा, पंडिता रमाबाईंचा इतिहास ज्या भिंतींना लागून घडला, त्यांतल्या काही भिंती चर्चच्या आहेत.

मागच्या भागात आपण सिंदखेड राजाला लखुजीराजे जाधवांची समाधी पाहिली. तिथं आपल्याला वाट दाखवणारं कुणी लागलं नाही, कारण जाधवांचा इतिहास आपल्या घरात बोलला जातो. चर्चचं तसं नाही, म्हणून आज थोडं जास्त समजावून सांगतो.

सुरुवात क्वार्टर गेटपासून करावी. नाना पेठेच्या या कोपऱ्यावर जे कॅथलिक चर्च आहे त्याला सगळं पुणं ‘सिटी चर्च’ म्हणतं. पुण्यातलं हे सर्वांत जुनं चर्च. त्याची जागा दिली सवाई माधवराव पेशव्यांनी, 1792 साली. हे साल नीट लक्षात घ्या. खडकीची लढाई झाली 1817 च्या नोव्हेंबरात आणि पेशवाई संपली 1818 साली. म्हणजे पुण्यावर इंग्रजांचं निशाण चढण्याच्या पंचवीस वर्षं आधी इथं मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, होत होती, तीही पेशव्यांच्या परवानगीने, पेशव्यांनी दिलेल्या जमिनीवर. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अंमलदार होते. त्यांना प्रार्थनेला जागा हवी होती आणि दरबाराने ती दिली. पहिली मिस्सा त्याच वर्षीच्या नाताळात झाली. याच 1792 साली महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यात आले होते आणि कारभार नाना फडणवीसांच्या हातात होता. शाळेत आपण हे साल महादजींसाठी पाठ करतो. त्याच साली शहराच्या पूर्वेला एक साधं देवालय उभं राहत होतं, हे आपल्याला कुणी सांगत नाही. आज दिसते ती इमारत त्या पहिल्या देवालयाची नाही, ती एकोणिसाव्या शतकात वाढवून बांधलेली आहे. जागा मात्र तीच.

यावर कुणी म्हणेल, पेशव्यांनीच तर वसईची चर्चेस जिंकली. खरं आहे. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आणल्या. त्यांतली एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या मंदिरावर, एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्याखालच्या घाटावर. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मारियेची आकृती आजही दिसते. हा युद्धाचा इतिहास झाला आणि तो लपवायचं कारण नाही. पण वसईनंतर त्रेपन्न वर्षांनी त्याच सत्तेने आपल्या राजधानीत चर्चला जागा दिली, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तरच अठराव्या शतकातलं पुणं नीट समजतं.

क्वार्टर गेटहून गुरुवार पेठ चालत जाण्याइतकी जवळ आहे. तिथं पंचहौद मिशन आहे आणि त्याच्या आवारात पवित्र नाम देवालय, म्हणजेच होली नेम चर्च. परिसरातल्या पाण्याच्या पाच हौदांवरून हे नाव पडलं. चर्च 1885 सालचं. त्याच्या शेजारी सुमारे 130 फूट उंचीचा घंटेचा मनोरा आहे. पेठेतल्या वाड्यांमध्ये तो पहिल्यांदा पाहणारा माणूस थबकतोच. मनोऱ्यात आठ घंटा आहेत, इंग्लंडमधल्या लाफबरो गावच्या टेलर यांच्या कारखान्यात ओतलेल्या. लहानमोठ्या आकारामुळे प्रत्येकीचा सूर वेगळा लागतो. एकेका घंटेचा दोर एकेकाच्या हातात असतो आणि ठरलेल्या क्रमाने, मग तो क्रम बदलत बदलत त्या वाजवतात. अशा घंटा असलेली चर्चेस भारतात फार थोडी आहेत.

आत जाण्यापूर्वी रचना समजून घेऊ. देवळात जसा सभामंडप आणि पुढे गाभारा, तसं इथं लांबट मुख्य दालन आणि त्याच्या टोकाला वेदी. दालनात दोन्ही बाजूंना बाकं, मधून वाट. वेदीवर प्रभुभोजनाचा विधी होतो. तो भाग थोडा उंच असतो आणि पुढे कठडा असतो. त्या कठड्यापलीकडे पाहुण्यांनी जायचं नाही. पाण्याचं दगडी कुंड दिसलं तर ते बाप्तिस्म्याचं. ते बहुधा प्रवेशाजवळ असतं, कारण बाप्तिस्मा हा मंडळीत येण्याचा विधी. खिडक्यांच्या रंगीत काचांवरची चित्रं बायबलमधल्या प्रसंगांची असतात. प्रकाश मागून आला तरच ती उजळतात, म्हणून काचा पाहायच्या तर सकाळी किंवा दुपार कलल्यावर जावं. आणि चर्च कितीही मोठं असलं तरी ते कॅथेड्रल होत नाही. ज्या चर्चमध्ये त्या धर्मप्रांताच्या बिशपचं आसन असतं त्यालाच कॅथेड्रल म्हणतात.

पंचहौद आपल्याला माहीत असतं ते 1890 च्या ऑक्टोबरातल्या चहामुळे. मिशनमध्ये कार्यक्रम होता. पुण्यातली मोठमोठी मंडळी बोलावली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. शेवटी चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हातात धरला. पुढे गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि शहर पेटलं. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा म्हणजे धर्म बुडाला, अशी तक्रार शंकराचार्यांकडे गेली. त्यांनी चौकशीला मंडळ नेमलं, प्रायश्चित्तं ठरली. ज्यांनी ती घेतली नाहीत त्यांच्या घरी कार्याला भटजी मिळणं अवघड झालं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी काही काळाने प्रायश्चित्त घेतलं. स्वतःला पटलं म्हणून नव्हे, आपल्यामुळे मित्रांच्या घरी होणारा त्रास संपावा म्हणून. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत यावर लिहिलं आहे आणि ते प्रत्येकाने वाचावं असं आहे, कारण नवऱ्याच्या त्या निर्णयाने त्या दुखावल्या होत्या.

एका कप चहाने केवढा गोंधळ झाला, याचं आज आपल्याला आश्चर्य वाटतं. मला त्या आवारात उभं राहिलं की वेगळीच गोष्ट जाणवते. चहा पुढे केला तो कुणी, आणि त्याच हातचं पाणी पुण्यात कुणाकुणाला चालत नव्हतं? या मिशनचं काम पुष्कळसं अशा लोकांमध्ये होतं ज्यांना गावाच्या विहिरीवर जागा नव्हती. त्यांच्या पंगतीला पाण्याचा घोट घेणं हा खरा प्रश्न होता आणि तो चहाच्या वादात बुडून गेला.

पंडिता रमाबाईंची वाटही याच मिशनजवळून जाते. 1882 साली त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला. इंग्लंडातल्या वाँटेज गावच्या मठातल्या भगिनी पंचहौदला काम करत होत्या. त्यांच्याशी ओळख झाली आणि 1883 साली रमाबाई त्यांच्याच आधाराने इंग्लंडला गेल्या. तिथं त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नीळकंठशास्त्री गोरे यांच्या लिखाणाचा आणि पत्रांचा त्यांच्या मनावर मोठा परिणाम होता. हे गोरेही आधी काशीचे शास्त्री, 1848 साली ख्रिस्ती झालेले. संस्कृत येणाऱ्या, पुराणं सांगणाऱ्या घरांतली ही माणसं या दारापर्यंत का आली, हा प्रश्न मनात घेऊन इथं यावं. उत्तर इमारत देणार नाही, पण प्रश्न खरा वाटू लागेल.

शक्य असेल तर रविवारी या. उपासना मराठीत असते. मराठी चर्चमध्ये जी गीतं म्हणतात त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं आहेत. ती ऐकताना मन अभंगाकडे वळतं, कारण टिळकांनी तेच वळण गिरवलं होतं. मराठीत ख्रिस्ताची कथा ओवीत सांगण्याची परंपरा तर त्याहून फार जुनी, 1616 सालच्या फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासूनची.

कॅम्पातली चर्चेस वेगळ्या जातीची. ती छावणीसाठी बांधलेली. रेसकोर्सच्या बाजूचं सेंट मेरीज हे 1825 सालचं. बिशप हेबर पुण्याला आले असताना त्यांच्या हातून त्याचं अर्पण झालं. पुढच्याच वर्षी हेबर तिरुचिरापल्लीला वारले. भिंतींवर पलटणींच्या आणि अधिकाऱ्यांच्या स्मृतिशिला आहेत. त्या एकेक करून वाचाव्यात. वयं पाहावीत. छावणीच्या चर्चमधल्या अशा शिलांवर लढाईइतकाच ताप आणि पटकी वाचायला मिळते. जवळच सेंट पॅट्रिक्स, 1850 सालचं कॅथलिक कॅथेड्रल. कॅथलिक धर्माचे आयरिश सैनिक इंग्रजांच्या फौजेत खूप होते, त्यांच्या वर्गणीचा त्यात मोठा वाटा, आणि नावही आयर्लंडच्या संताचं. पुण्याचा कॅथलिक धर्मप्रांत 1886 साली झाला. स्टेशनकडे जाताना सेंट पॉल्स लागतं, 1867 सालचं. पॅरिसच्या सेंट शापेल या प्रार्थनामंदिराच्या धर्तीवर ते बांधलं. वेळ कमी असेल तर कॅम्पातलं एखादं सोडा, पण क्वार्टर गेट आणि पंचहौद सोडू नका.

जाताना पाळायच्या गोष्टी फार नाहीत. कार्यालयात किंवा राखणदाराला विचारून आत जावं. दारात चपला काढलेल्या दिसल्या तर आपणही काढाव्यात, नाहीतर त्या पायातच चालतात. उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर बसावं, फोन बंद ठेवावा, सगळे उठले की उठावं. प्रभुभोजनाच्या वेळी रांग लागते. ती प्रसादाची रांग समजून आपण जाऊ नये. तो बाप्तिस्मा झालेल्यांचा विधी आहे, जागेवर बसून राहण्यात कसलाही अपमान नाही. फोटो विचारून काढावेत आणि प्रार्थना करणाऱ्या माणसाचा काढूच नये. आपल्या बालाजीच्या देवळात परक्या माणसाने जसं वागावं असं आपल्याला वाटतं, तसंच तिथं वागलं की पुरे.

आणि हे सगळं पुण्याचंच आहे असंही नाही. आपल्या शेजारी जालना आहे. जालन्याजवळच्या बेथेल वस्तीची कहाणी आपल्याकडे जवळजवळ विसरली गेली आहे. निजामाच्या मुलखातल्या ब्राह्मण घरात जन्मलेले नारायण शेषाद्री 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांच्या लहान भावाच्या, श्रीपतच्या, प्रकरणाने त्या वेळी मुंबई हादरली होती. मुलगा लहान म्हणून कोर्टाने त्याला घरच्यांच्या ताब्यात दिला, आणि त्याला परत जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी शास्त्र्यांचा विरोध पत्करला. श्रीपत परतला, नारायण राहिले. 1860 च्या दशकात ते स्कॉटिश मिशनच्या कामासाठी जालन्याला आले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि तिच्यावर बेथेल वसलं. मातंग आणि महार समाजातली कुटुंबं तिथं आली. चर्च झालं, शाळा झाली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या जालन्याच्या बाजाराच्या वाटेवरची ही गोष्ट आहे. पुण्याचा मनोरा पाहायला जाणाऱ्याने आधी हे पाहिलं तरी चालेल.

बेथेल किंवा जालन्याच्या जुन्या चर्चबद्दल ज्यांच्या घरी काही कागद, फोटो, जुन्या माणसांच्या आठवणी असतील त्यांनी त्या जपाव्यात आणि लिहून ठेवाव्यात. ही नोंद मिशनच्या इंग्रजी अहवालांत सापडते, मराठीत फारच थोडी आहे, आणि ती मराठीत यायला हवी.

पुढच्या भागात नागपूर. 1851 साली सँकी या लष्करी इंजिनिअरने बांधलेलं ऑल सेंट्स कॅथेड्रल आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी त्याच नागपुरात वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना.