रक्ताचा कर्करोग उलटला? डॅराटुमुमॅब घेण्याआधी हे जाणून घ्या

रावेत : मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. उपचारांनी तो आटोक्यात येतो. पण बहुतेक रुग्णांत पुन्हा उलटतो. अशा वेळी डॅराटुमुमॅब हे अँटिबॉडी औषध दिले जाते.

काम कसे करते?
कर्करोगाच्या पेशीवरील ‘सीडी३८’ प्रथिनाला हे औषध चिकटते. मग शरीराची प्रतिकारशक्ती ती पेशी ओळखून मारते.

गुण किती येतो?
२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, अनेक उपचार होऊन गेलेल्या १०६ पैकी ३१ रुग्णांना एकट्या या औषधाने गुण आला. दुसऱ्या चाचणीत, कमी उपचार झालेल्यांना लेनालिडोमाइड आणि डेक्सामेथासोनच्या जोडीने दिल्यावर हे प्रमाण ९३ टक्के होते.

प्रत्यक्षात काय?
चाचणीत तुलनेने धडधाकट रुग्ण निवडतात. घरचा रुग्ण वयस्कर, किडनी कमजोर असलेला असू शकतो. शिवाय नेहमीच्या वेळापत्रकात पहिल्या २४ आठवड्यांत १६ डोस असतात. रावेतहून परळच्या टाटा मेमोरियलला जायचे तर १६ फेऱ्या. शिरेतून पहिला डोस द्यायला सुमारे ७ तास लागतात. त्वचेखालचे इंजेक्शन ३ ते ५ मिनिटांत होते. या औषधावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

हे विसरू नका
औषध लाल रक्तपेशींनाही चिकटते. त्यामुळे शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंत रक्त जुळवण्याची चाचणी फसू शकते. पहिल्या डोसआधीच रक्तगटाची सविस्तर तपासणी करून रिपोर्ट मोबाइलमध्ये ठेवा. उद्या पिंपरीच्या वायसीएममध्ये तातडीने रक्त चढवायची वेळ आली, तर औषधाचे नाव रक्तपेढीला आधी सांगा.