कोंडा : शब्द आणि कारण



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी डोक्यातील कोंड्यासारखा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. या निवडीमागे एक जुने ऋण आहे. अध्यापनाच्या आरंभीच्या काळात वर्गातील एका मुलीच्या खांद्यावर पांढरा भुगा पडलेला पाहून मी तिला सर्वांदेखत म्हणालो होतो, "डोके धूत जा." ती काहीच बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या बाकावर बसू लागली. आपण स्वच्छतेचा धडा दिला, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती, हे मला पुष्कळ उशिरा कळले. ते कसे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आरंभ शब्दापासून करू. सिल्वासा परिसरातील माणसाला कोंडा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. भात हे इथले मुख्य पीक. तांदूळ सडताना त्यावरचे पातळ आवरण निघून जो चुरा उरतो, तो कोंडा. डोक्यावरून गळणाऱ्या पापुद्र्यांना तेच नाव मिळाले ते केवळ रूपसाम्यामुळे. हे साम्य एकट्या मराठीला सुचले असेही नाही. धान्याच्या कोंड्याला लॅटिनमध्ये 'फुरफुर' आणि ग्रीकमध्ये 'पिटिरॉन' म्हणतात, आणि पाश्चात्त्य वैद्यकाने या विकाराच्या संज्ञा याच शब्दांवरून घडवल्या. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'दारुणक' या नावाने जे वर्णन येते, त्यात केशभूमी कठीण, रूक्ष आणि कंडूयुक्त होण्यावर भर असून त्याचे कारण कफ आणि वात यांच्या प्रकोपात शोधले आहे. आपला लोकभाषेतील शब्द मात्र काय गळते एवढेच सांगतो. का गळते ते सांगत नाही. ती रिकामी जागा मग समजुती भरून काढतात, आणि त्यांतील सर्वांत निष्ठुर समजूत म्हणजे 'कोंडा म्हणजे घाण'.

या 'का'चा शोध दीडशे वर्षांचा आहे. १८७४ साली लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाला कोंड्याच्या पापुद्र्यांत यीस्टसारख्या, म्हणजे किण्वाच्या जातीच्या, सूक्ष्म पेशी दिसल्या. त्याच्याच नावावरून या बुरशीला पुढे 'मॅलासेझिया' हे नाव मिळाले. तथापि, हीच बुरशी निरोगी डोक्यांवरही आढळते, असे दिसून आल्यावर प्रश्न अवघड झाला. जो सर्वांच्या घरी राहतो, त्याला चोर कसे म्हणावे? १९७६ साली क्लिगमन व त्यांचे सहकारी या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी सूक्ष्मजीवांचे स्थान दुय्यम ठरवले. पुढे १९८४ साली इंग्लंडमधील न्यूकॅसलचे सॅम शुस्टर यांनी उलट बाजू समर्थपणे मांडली. औषधे परस्परांहून भिन्न असली, तरी बुरशीला मारणारी औषधे दिली की कोंडा हटतो, या गोष्टीकडे त्यांनी लक्ष वेधले. आज शास्त्रज्ञांचा कल बहुतांशी याच मताकडे आहे.

मग ही बुरशी करते तरी काय? २००७ साली 'मॅलासेझिया ग्लोबोसा' या जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा एक उणीव उघड झाली. स्वतःसाठी स्निग्धाम्ले तयार करण्याची यंत्रणाच तिच्यापाशी नाही. म्हणून ती आपल्या त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. लायपेज नावाची विकरे सोडून ती ते तेल फोडते, त्यांतील संतृप्त स्निग्धाम्ले स्वतः वापरते आणि ओलेइक आम्लासारखी असंतृप्त आम्ले मागे ठेवते. हे उरलेले आम्ल काहींच्या त्वचेला मुळीच बाधत नाही. काहींच्या त्वचेचे संरक्षक आवरण मात्र त्याने बिघडते. एरवी वरचा थर महिनाभरात, एकेक पेशी करून, नकळत गळून जातो. इथे तो घाईने तयार होतो, पेशी पुरत्या परिपक्व होण्याआधीच पुंजक्यांनी सुटतात, आणि त्या पुंजक्यांनाच आपण कोंडा म्हणतो. म्हणजे बुरशी, तेल आणि त्या व्यक्तीच्या त्वचेची प्रकृती, अशी तीन कारणे एकत्र यावी लागतात. तारुण्यात तैलग्रंथी जोमाने काम करू लागतात, म्हणून हा त्रास शाळेच्या वरच्या वर्गांतच डोके वर काढतो.

बुरशीच्या जोडीला जिवाणूही आहेत. भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील संशोधकांनी १४० भारतीय स्त्रियांच्या डोक्यांवरील सूक्ष्मजीवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला. निरोगी डोक्यावर 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस' या जिवाणूचे, तर कोंडा असलेल्या डोक्यावर 'स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस'चे प्रमाण अधिक होते. निरोगी डोक्यावरील जिवाणूंमध्ये बायोटिनसारखी जीवनसत्त्वे बनवण्याची क्षमताही अधिक दिसली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात खोबरेल तेलाच्या वापराने जिवाणूंचा हा मेळ निरोगी अवस्थेकडे झुकल्याचे आढळले. आपल्या आजीच्या वाटीतील तेलाला मिळालेला हा आधार आनंदाचा असला, तरी कोणतेही तेल हा कोंड्यावरचा रामबाण उपाय असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

उपायांविषयी थोडेसे. नियमित धुण्याने साचलेले तेल कमी होते, म्हणून धुणे हिताचेच आहे. पण धूत नाही म्हणून कोंडा झाला, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. दररोज न्हाणाऱ्यालाही तो होतो. कीटोकोनॅझोल, झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड असलेला शाम्पू लावून तीन ते पाच मिनिटे डोक्यावर राहू द्यावा, मग धुवावे. आठवड्यातून दोनदा, काही आठवडे. बुरशी ही कायमची रहिवासी असल्यामुळे कोंडा परत येतो. त्यात औषधाचा वा माणसाचा दोष नाही. ती मुळात सर्वांच्याच डोक्यावर असल्याने कोंडा असलेल्याशेजारी बसण्यात कसलेही भय नाही.

शिक्षकांनी मात्र तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. उवांच्या लिखा केसाला घट्ट चिकटतात, कोंडा झटकला की पडतो. लहान मुलाच्या डोक्यावर केस गेलेला, खवले धरलेला चट्टा असेल, तर तो बहुधा गजकर्णाचा प्रकार. तो संसर्गजन्य आहे. आणि लालसर, जाड चट्टे असतील, तर ते सोरायसिसचे असू शकतात. शेवटच्या दोन्हींत डॉक्टरांकडेच जावे.

प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना आयुष्यात केव्हातरी कोंडा होतो, असे मानले जाते. म्हणजे त्या दिवशी वर्गात ती मुलगी एकटी नव्हती. एकटी तिला मी केले. ती आता आजी झाली असेल. तिची क्षमा मागणे मला शक्य नाही. पण या शाळेच्या वर्गांत आज ज्या मुलामुलींच्या खांद्यांवर तो पांढरा भुगा दिसेल, त्यांना कुणी सर्वांदेखत काही बोलू नये. बोलायचेच तर बाजूला घेऊन, समजावून बोलावे. इतके झाले, तरी हे ऋण थोडेसे फिटले असे मी समजेन.